कर्करोगाशी झुंजताना आधार कुठे मिळतो?

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाजवळून सकाळी लवकर गेले, तर पदपथावर अंथरुणे गुंडाळणारी माणसे दिसतात. कुणी जळगावकडचे, कुणी कोकणातले, कुणी थेट बिहार किंवा बंगालमधून आलेले. डोक्याला रुमाल बांधलेला एखादा लहान मुलगा आईच्या मांडीवर पेंगत असतो. प्रत्येकाच्या हातात एक पिशवी असते आणि तिच्यात पैशापेक्षाही जपून ठेवलेली फाइल. याच पदपथापासून चालत जाता येईल अशा अंतरावर रुग्णांसाठी चालवलेली निवासस्थाने आहेत, फुकट जेवण देणाऱ्या संस्था आहेत, औषधांसाठी मदत करणारी कार्यालये आहेत. पण पदपथावरच्या अनेकांना त्यांचा पत्ता ठाऊक नसतो. ज्यांना ठाऊक असतो, त्यांना जागा मिळेपर्यंत वाट पाहावी लागते.

मराठी घरांत ‘टाटाला नेले’ एवढे दोन शब्द उच्चारले, की पुढचे काही विचारावे लागत नाही. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले हे रुग्णालय १९६२ पासून केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. तिथले उपचार चांगले, आणि सर्वसाधारण वर्गात ते अत्यल्प खर्चात होतात, हे आता गावोगाव माहीत झाले आहे. माहीत नसते ते एवढेच, की उपचार सुरू झाल्यावर सहा महिने राहायचे कुठे, खायचे काय, गावाकडची शेती अथवा नोकरी कुणी सांभाळायची आणि रात्री रुग्ण वेदनेने कळवळू लागला तर दाराशी कोण येणार.

या प्रश्नांकडे दानधर्माचा विषय म्हणून पाहण्याची आपल्याकडे सवय आहे. ती चुकीची आहे. टाटा रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. २००९ च्या सुमारास तेथे येणाऱ्या मुलांपैकी साधारण २० टक्के मुलांचे पालक उपचार नाकारीत किंवा अर्धवट सोडून देत. औषध लागू पडत नव्हते म्हणून नव्हे, तर मुंबईत राहणे परवडत नव्हते म्हणून. त्यानंतर विभागाने ‘इम्पॅक्ट’ या नावाने निवास, आहार, आर्थिक साहाय्य, समुपदेशन आणि न आलेल्या कुटुंबाला दूरध्वनी करून बोलावणे अशी सगळी व्यवस्था एकत्र बांधली. पुढील सात वर्षांत उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले. निवास, जेवण आणि एक दूरध्वनी यांनी जे साधले, ते केवळ नव्या औषधाने साधले नसते.

पहिली खिडकी

निदान झाल्यावर कुटुंब धावते ते तपासण्यांच्या मागे. बायॉप्सी, स्कॅन, रक्त, पुन्हा स्कॅन. या धावपळीत रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवा विभागाकडे कुणाचे लक्ष जात नाही. वास्तविक बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबाने पहिल्याच आठवड्यात गाठायला हवा तो हा विभाग. टाटासारख्या कर्करोग रुग्णालयांतच नव्हे, तर महापालिकेच्या आणि सरकारी मोठ्या रुग्णालयांतही तो असतो. निवासस्थानासाठी लागणारे पत्र, रेल्वे सवलतीच्या प्रमाणपत्राची माहिती, धर्मादाय न्यासांकडे करायचे अर्ज, खर्चाचा अंदाज देणारे प्रमाणपत्र या सगळ्यांचा रस्ता इथून जातो. समाजसेवा अधिकाऱ्यासमोर उत्पन्न, कर्ज, घरातली माणसे यांविषयी खरे तेच सांगावे. पांढरपेशा कुटुंबांची अडचण इथेच होते. ‘आमचे भागेल’ असे पहिल्या भेटीत सांगणारी माणसे तिसऱ्या महिन्यात दागिने मोडून त्याच खुर्चीसमोर येऊन बसतात, आणि तोवर काही निधींचे दरवाजे बंद झालेले असतात.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या काकांच्या आजारपणात रेल्वे सवलतीचा कागद असतो ही गोष्ट घरच्यांना पाचव्या फेरीनंतर कळली, तीही फलाटावर भेटलेल्या दुसऱ्या एका रुग्णाच्या मुलाकडून. ज्या रुग्णालयात उपचार सुरू होते, तिथल्या कुणालाही ते सांगावेसे वाटले नव्हते. विचारले नाही, म्हणून सांगितले नाही, असे उत्तर नंतर मिळाले. तेव्हा विचारावे, आणि एकदा नव्हे तर प्रत्येक टप्प्यावर विचारावे.

मुक्काम

राहण्याचा प्रश्न एवढा मोठा का होतो, हे उपचारांचे वेळापत्रक पाहिले की कळते. रेडिएशन म्हणजे किरणोपचार बहुधा आठवड्यातले पाच दिवस असे सलग पाच-सहा आठवडे चालतात. दर दिवशीचा उपचार काही मिनिटांचा, पण त्यासाठी शहरातच राहणे भाग. केमोथेरपी अनेकदा तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने दिली जाते आणि मधल्या काळात रक्ततपासण्या होतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार तर दोन-अडीच वर्षे चालतात आणि त्यांतले पहिले काही महिने सर्वांत कसोटीचे असतात. रुग्णालयात खाट मिळते ती शस्त्रक्रियेसाठी किंवा प्रकृती बिघडल्यावर. बाकी सगळा काळ रुग्ण ‘बाहेरचा’ असतो.

त्यात केमोथेरपीमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. अशा वेळी साध्या जंतुसंसर्गानेही जिवाला धोका होतो. या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे असते, असे डॉक्टर बजावून सांगतात. पदपथावर किंवा उड्डाणपुलाखाली राहणाऱ्या कुटुंबाला स्वच्छ पाणी आणि ताजे अन्न मिळणेच जिथे मुश्किल, तिथे हा सल्ला पाळायचा कसा?

परळमध्येच नाना पालकर स्मृती समितीचे रुग्ण सेवा सदन आहे. १९६८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था बाहेरगावच्या रुग्णांना आणि त्यांच्या सोबत्यांना नाममात्र दरात निवास देते. दादरला श्री गाडगे महाराज धर्मशाळा आहे. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी आणि मुंबईत ज्या धर्मशाळांची परंपरा घालून दिली, तिचाच हा विस्तार. वांद्र्याला डॉ. बोर्जेस स्मृती निवास आहे. टाटा रुग्णालयासमोरचा रस्ता ज्यांच्या नावाचा, त्याच शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे हे स्मारक.

मुलांसाठी २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था काम करते. निहाल आणि श्यामा कविरत्ने या दाम्पत्याने ती सुरू केली. कॉटन ग्रीन आणि खारघर येथील तिच्या केंद्रांत प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोलीवजा जागा मिळते. स्वयंपाकघर सामाईक असले, तरी प्रत्येक आईची शेगडी आणि कपाट वेगळे असते. शिधा संस्था देते, रुग्णालयात नेण्या-आणण्याची सोय करते, आजारी मुलांचा अभ्यास सुरू ठेवते. कुटुंबाकडून पैसे घेतले जात नाहीत. इथला स्वयंपाकघराचा विचार या प्रतिनिधीला फार महत्त्वाचा वाटतो. परक्या शहरात, परक्या भाषेत, आजारी लेकराला आपल्या हातचे खाऊ घालता येणे ही आईला पुन्हा उभी करणारी गोष्ट असते. आयत्या ताटात ती नसते.

या निवासस्थानांत थेट जाऊन जागा मिळत नाही. रुग्णालयाचे पत्र, रुग्णाचा फाइल क्रमांक आणि ओळखपत्र लागते. बहुतेक ठिकाणी रुग्णासोबत एका किंवा दोघांनाच राहता येते, मुदत ठरलेली असते आणि ती वाढवण्यासाठी पुन्हा पत्र आणावे लागते. एकाच ठिकाणी नाव नोंदवून थांबण्याऐवजी तीन-चार ठिकाणी नोंदवलेले बरे. मुंबईचा पत्ता असलेल्यांना ही सोय सहसा मिळत नाही.

जागा अपुऱ्या आहेत, हे लपून राहिलेले नाही. मे २०२१ मध्ये म्हाडाच्या लालबाग-करी रोड परिसरातील १०० सदनिका टाटा रुग्णालयाकडे रुग्णांच्या नातेवाइकांसाठी सोपवण्यात आल्या. चाव्या दिल्या गेल्या, छायाचित्रे छापून आली. महिनाभरात स्थानिक रहिवाशांच्या आक्षेपामुळे त्या निर्णयाला स्थगिती मिळाली आणि नायगाव येथील बॉम्बे डाइंग मिलच्या जागेवरील इमारतीत तेवढ्याच सदनिका देण्याचे जाहीर झाले. आपल्या इमारतीत कर्करुग्ण नकोत, या भावनेमागे शेजाऱ्यांची गैरसोय किती आणि भीती किती, याचा हिशेब कुणी मांडला नाही. कर्करोग स्पर्शाने, एकत्र जेवल्याने किंवा एकाच जिन्याने चढल्याने होत नाही. २०२१ मध्ये मुंबईत हे नव्याने सांगावे लागले.

पैशांची जुळवाजुळव

राज्यात २०१२ मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचे २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना असे नामांतर झाले आणि पुढे तिची सांगड केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी घालण्यात आली. पूर्वी ती ठरावीक रंगाच्या शिधापत्रिकांपुरती होती आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण मिळे. २०२३ मधील निर्णयाने ती राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली आणि संरक्षणाची रक्कम पाच लाखांवर गेली. कर्करोगावरील शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी यांचा तीत समावेश आहे. योजनेतील रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ बसतो. शिधापत्रिका आणि आधारपत्र घेऊन प्रथम त्याच्याकडे जायचे.

दोन गोष्टी इथे नीट समजून घ्याव्यात. ही योजना रोकडविरहित आहे. योजनेत नसलेल्या रुग्णालयात पैसे भरून उपचार घ्यायचे आणि नंतर पावत्या सादर करायच्या, असे तीत चालत नाही. दुसरे म्हणजे उपचाराला पूर्वमंजुरी लागते. उपचार सुरू झाल्यावर कागदपत्रे शोधणाऱ्याची दमछाक होते.

पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि मुख्यमंत्री साहाय्यता निधी यांनाही हेच लागू. रुग्णालयाने दिलेला खर्चाचा अंदाज, उत्पन्नाचा दाखला, निदानाचे कागद जोडून अर्ज करायचा. मंजूर रक्कम रुग्णाच्या हाती न येता रुग्णालयाकडे जाते. मुंबईत श्री सिद्धिविनायक मंदिर न्यास आणि टाटा न्यासांसारख्या संस्था वैयक्तिक वैद्यकीय मदत देतात. यांपैकी कोणतीही एक रक्कम संपूर्ण उपचाराला पुरत नाही, म्हणून अनुभवी समाजसेवक चार-पाच अर्ज एकाच वेळी करायला लावतात.

फारसा वापरला न जाणारा एक हक्कही आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. चकचकीत दर्शनी भाग असलेली अनेक मोठी रुग्णालये कागदोपत्री धर्मादाय आहेत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तेथील समाजसेवकाला भेटावे. दाद लागली नाही, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते.

औषधांच्या किमतीचा विषय निघाला, की कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनचे नाव घ्यावेच लागते. १९६९ मध्ये वाय. के. सप्रू यांनी स्थापन केलेली ही संस्था महालक्ष्मी येथून गरजू रुग्णांना औषधे, तपासणी, आहार आणि पुनर्वसनासाठी मदत करते. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाचा महिन्याचा खर्च लाख रुपयांच्या वर जात होता, तर त्याच औषधाचा भारतीय पर्याय दहा हजारांच्या आत मिळत होता. स्वित्झर्लंडच्या नोव्हार्टिस कंपनीला पेटंट मिळाले असते, तर हा पर्याय बंद झाला असता. संस्थेने पेटंटला हरकत घेतली. चेन्नईच्या पेटंट कार्यालयापासून सुरू झालेली ही लढाई १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळल्यावर संपली. आज हे औषध घेणारा रुग्ण नोकरीवर जातो, संसार करतो. त्याच्या गोळीची किंमत रुग्णांच्याच एका संघटनेने लढून खाली ठेवली आहे, हे त्याला बहुधा ठाऊक नसते.

प्रवासाचे थोडक्यात. रेल्वेत कर्करुग्णाला उपचारासाठी जाता-येताना शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत भाडे पूर्ण माफ आहे. सोबत्याला या दोन वर्गांत ७५ टक्के सूट मिळते. द्वितीय आणि प्रथम वातानुकूलित श्रेणीत सवलत ५० टक्के आहे. २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांसह अनेकांच्या सवलती थांबल्या, तेव्हाही रुग्णांची ही सवलत कायम राहिली. रुग्णालयाने विहित नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र त्यासाठी लागते. एसटीच्या भाड्यातही कर्करुग्णांना सवलत आहे.

ज्याचे जळते त्यालाच

डॉक्टर सांगतात ते कानावर पडते, पण शिरत नाही. अशा वेळी त्याच वाटेने गेलेल्या माणसाचे दोन शब्द अधिक उपयोगी पडतात. स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये व्ही केअर फाउंडेशन सुरू केले, ते याच जाणिवेतून. तेथील स्वयंसेवकांत रोगमुक्त झालेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आहेत. केस गेलेल्या बाईला केस पुन्हा येतात हे डॉक्टरने सांगणे आणि समोर बसलेल्या बाईने आपल्या वेणीवर हात ठेवून सांगणे, यांत फरक आहेच.

१९५१ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीने लहानपणी कर्करोग होऊन बरे झालेल्यांसाठी २००९ मध्ये ‘उगम’ हा गट सुरू केला. ही मुले आता कमावती झाली आहेत. नोकरीच्या मुलाखतीत आजाराचे सांगावे का, लग्न ठरवताना समोरच्या घराला केव्हा सांगावे, मूल होण्यात अडचण येईल का, हे त्यांचे प्रश्न. आपल्याकडे बरे झालेल्या रुग्णालाही ‘कॅन्सरवाला’ ही ओळख चिकटलेली राहते. मुलींच्या बाबतीत ती अधिकच चिकटते.

काही आधार अगदी वस्तुरूप असतात. स्वरयंत्र काढून टाकलेल्या रुग्णाला पुन्हा बोलायला शिकवता येते. घशात बसवलेली झडप, अन्ननलिकेतून आवाज काढण्याचा सराव किंवा गळ्याला लावायचे विजेवर चालणारे यंत्र असे तीन मार्ग आहेत. रोजचा सराव घेणारे वाचा-उपचारतज्ज्ञ आणि तीच शस्त्रक्रिया झालेले जुने रुग्ण यांच्या मदतीने महिन्याभरापूर्वी मुका झालेला माणूस नातवाला हाक मारू लागतो. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर पिशवी लावावी लागलेल्यांसाठी ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया काम करते. पिशवी कशी बदलावी, कातडी कशी जपावी, लोकलच्या गर्दीत काय करावे, हे तेथे संकोच न बाळगता विचारता येते. स्तन काढलेल्या स्त्रियांसाठी कृत्रिम स्तन आणि खास शिवलेल्या चोळ्या मिळतात. पुष्कळ बायका वर्षानुवर्षे पदराआड ओढणीचा बोळा ठेवून वावरतात. कारण विचारायचे कुणाला, हेच त्यांना कळत नाही.

मराठीतून माहिती हवी असणाऱ्यांची पूर्वी मोठी पंचाईत होई. मुंबईच्या ‘जासकॅप’ या संस्थेने निरनिराळ्या कर्करोगांवरील पुस्तिका मराठीसह भारतीय भाषांत आणल्या, ही मोठीच सोय झाली. भाषा काहीशी जड असली, तरी उपचार म्हणजे नेमके काय आणि दुष्परिणाम कोणते, हे घरच्यांना निवांत वाचता येते. याउलट मोबाइलवर येणाऱ्या रामबाण उपायांच्या संदेशांपासून सावध राहिलेले बरे. गोमूत्र, गव्हांकुर, कसले तरी परदेशी फळ यांवर विसंबून पहिल्या टप्प्यातला कर्करोग तिसऱ्या टप्प्यावर नेऊन ठेवणारी सुशिक्षित माणसे प्रत्येक कर्करोगतज्ज्ञाने पाहिलेली आहेत.

वेदना

या लेखातला सर्वांत गैरसमजाचा विषय हाच. इंग्रजीत ‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणतात त्याला मराठीत वेदनाशामक किंवा परिहार सेवा म्हटले जाते. ‘आता काही उरले नाही तेव्हा तिकडे पाठवतात’ असा समज पक्का आहे. प्रत्यक्षात निदानाच्या पहिल्या दिवसापासून, मूळ उपचारांच्या जोडीने ही सेवा घेता येते. दुखणे, उलट्या, धाप, बद्धकोष्ठता, झोप न लागणे, भीती वाटणे या सगळ्यांवर तीत इलाज होतो.

दुखण्यावरचे मुख्य औषध मॉर्फिन. ते अफूपासून बनते आणि त्यातच घोळ झाला. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कडक तरतुदी आणि परवान्यांचा गुंता यांमुळे दुकानदारांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच बंद केले. अफू पिकवून जगाला पुरवणाऱ्या देशात कर्करुग्ण तळमळत राहिले. २०१४ मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ही औषधे ठेवण्याचा मार्ग सोपा केला. तरीही तालुक्याच्या गावी मॉर्फिनची गोळी मिळणे आजही अवघडच. म्हणून मोठ्या रुग्णालयातून गावी परतताना वेदना विभागाकडून औषधाचा पुरेसा साठा, चिठ्ठी आणि जवळच्या केंद्राचा पत्ता मागून घ्यावा.

घरच्यांच्या मनातली भीती कायद्यापेक्षा चिवट असते. मॉर्फिन दिले की माणूस लवकर जातो, त्याला सवय लागते, आत्ताच दिले तर पुढे काय देणार, असे प्रश्न येतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत तोंडाने घेतलेल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही. दुखणे वाढले तर मात्रा वाढवता येते. बद्धकोष्ठता मात्र हमखास होते आणि तिचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत घ्यायचे असते. वडील रात्रभर कण्हत असताना ‘अजून थोडे सोसा’ म्हणणारा मुलगा निर्दय नसतो. त्याला ही माहिती कुणी दिलेली नसते.

टाटा रुग्णालयाच्या वेदनाशामक विभागाची पथके मुंबईत घरी जाऊन रुग्ण पाहतात. घरी काळजी घेणे शक्य नसेल, तेव्हा वांद्र्याचे शांती आवेदना सदन आहे. टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेले हे देशातील पहिले शुश्रूषागृह. तेथे अखेरच्या अवस्थेतील कर्करुग्णांची विनामूल्य सेवा होते. गोव्यात लोटली येथे आणि दिल्लीतही त्याच्या शाखा आहेत. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे वेदनाशामक सेवा केंद्र आहे. तिथे रुग्णासोबत घरच्या माणसाला ठेवून घेतात आणि जखम कशी धुवावी, नळीतून अन्न कसे द्यावे, कूस कशी बदलावी हे शिकवतात. थोड्या दिवसांनी रुग्ण सुधारून घरी जातो, आणि त्याच्याबरोबर काळजी घ्यायला शिकलेला माणूसही. तेथेही पैसे आकारले जात नाहीत. दिल्लीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना घरपोच सेवा देणाऱ्या कॅनसपोर्टचा आधार घेता येईल.

घरातली माणसे

‘पेशंटला काही सांगू नका’ हे वाक्य आपल्या दवाखान्यांत रोज ऐकू येते. मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतो. इकडे आई मनात सगळे ओळखून असते आणि मुलाला त्रास नको म्हणून गप्प राहते. दोघेही एकमेकांना सांभाळतात आणि दोघेही एकटे पडतात. इच्छापत्र, बँकेतले नामनिर्देशन, नातवाला भेटायची इच्छा, गावाकडे जाऊन राहण्याची इच्छा हे सगळे या मौनात राहून जाते. कसे आणि किती सांगावे, यासाठी समुपदेशक मदत करतात. रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी त्यालाच विचारावे, इतके साधे सूत्र ते वापरतात. लहान मुलांना तर घरात काय चालले आहे, हे हमखास कळते. आपल्या खोडीमुळे आई आजारी पडली, असे मनाशी धरून बसलेले सात-आठ वर्षांचे मूल कुणाशी बोलणार?

काळजी घेणारी व्यक्ती बहुतांश घरांत बाई असते: बायको, सून, नाही तर अविवाहित मुलगी. तिची नोकरी सुटते, पाठ धरते, झोप जाते. तिला कुणी ‘तू जेवलीस का’ असे विचारत नाही. आठवड्यातून एक दुपार रुग्णाजवळ दुसऱ्या कुणी बसणे, ही शेजाऱ्यांना करता येण्यासारखी सर्वांत मोलाची मदत आहे. मन फारच खचले, तर १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा मोफत आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू असून मराठीतही बोलता येते.

खाट, चाकांची खुर्ची, हवेची गादी, प्राणवायूचे यंत्र या वस्तू विकत घेऊ नयेत. जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात अनामत रक्कम ठेवून त्या वापरायला देणारे रुग्णसाहित्य केंद्र असते. रुग्ण गेल्यानंतर त्या परत करायच्या असतात, आणि त्या दिवसांत ते सर्वांत जड जाते. म्हणून हे काम शेजारच्या कुणावर सोपवावे. मूळ फाइल आणि पावत्या विम्याचे दावे मिटेपर्यंत टाकू नयेत. घरात उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या कुणाला देऊ नयेत किंवा कपाटात ठेवू नयेत. ज्या विभागातून त्या आणल्या, तिथेच परत कराव्यात. त्या द्यायला गेलेल्या माणसाची विचारपूस तिथला समाजसेवक बहुधा आपणहून करतो. त्याला घाई नसेल, तर तिथे थोडे बसावे.